काउंटी फेअरच्या स्पर्धेत फुलं मांडायची आहेत? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे फूल खुडतात ते देवासाठी. बोटांच्या चिमटीत धरायचं, परडीत टाकायचं, देठाशी कुणाला काही देणंघेणं नसतं. मीही झेंडू, गुलाब, जास्वंद सगळं असंच वरून बघत मोठी झाले. अमेरिकेत मेरीलँडला राहायला आल्यावर परसदारी झिनिया भरभरून फुलल्या, म्हणून हौसेने तीन फुलं काउंटी फेअरच्या स्पर्धेत नेली. निकालानंतर फुलांसोबत ठेवलेलं नोंदीचं कार्ड उलटून बघितलं, तर मागे पेन्सिलीने लिहिलेलं: रंग उत्तम, देठ आखूड आणि असमान, पाण्यात पानं. त्या तीन शेऱ्यांनी मला जे शिकवलं ते बागकामाच्या पुस्तकांनीही शिकवलं नव्हतं. इथे परीक्षक फूल देठासकट बघतात. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

ज्यांना काउंटी फेअर म्हणजे फक्त पाळणे आणि तळलेले पदार्थ वाटतात त्यांच्यासाठी थोडंसं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि ही मुळात तिथली शेतकी जत्रा. अमेरिकेतल्या अशा जत्रांचं जनकत्व एल्काना वॉटसन यांना देतात. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला १८११ च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांची जनावरं आणि उत्पादनं मांडून स्पर्धा सुरू केली. आज आमच्या भागात गेदर्सबर्गला ऑगस्टमध्ये माँटगोमेरी काउंटीची शेतकी जत्रा भरते, ती १९४९ पासून. गाई, कोंबड्या, भोपळे, लोणची, गोधड्या यांच्या शेजारीच फुलांचं दालन असतं. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघितलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे मांडणारे बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे घराच्या अंगणात चार वाफे करणारे असतात.

१. बी पेरण्याआधी प्रीमियम बुक वाचा

प्रत्येक जत्रा दर वर्षी नियम आणि वर्गांची पुस्तिका काढते. तिला प्रीमियम बुक म्हणतात, काही ठिकाणी एक्झिबिटर हँडबुक. जत्रेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. नवी आली नसेल तर गेल्या वर्षीची उतरवून घ्या, वर्ग फारसे बदलत नाहीत.

पुस्तिकेत आधी विभाग, मग उपविभाग, मग वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला नंबर. वर्गाचं वर्णन एका ओळीचं असतं आणि त्या ओळीतला प्रत्येक शब्द कामाचा असतो. ‘झिनिया, ३ फुलं, एकच वाण, ३ इंचांहून मोठी’ असं लिहिलं असेल तर चार फुलं नेलीत की बाद, दोन वाणांची नेलीत की बाद, अडीच इंचांची नेलीत तरी बाद. फूल कितीही देखणं असो. परीक्षकांना त्यात काही करता येत नाही, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फुलं पडतात ती इथेच.

पुस्तिकेत या गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा:

- भाग कोण घेऊ शकतं: फक्त त्या काउंटीतले रहिवासी, की कुणीही?
- हौशी आणि व्यावसायिक असे वेगळे वर्ग आहेत का?
- एका वर्गात एका व्यक्तीच्या किती नोंदी चालतात? बहुतेक ठिकाणी एकच, किंवा वेगळ्या वाणाची दुसरी.
- नोंदणीची शेवटची तारीख, आणि फुलं आणून देण्याचा दिवस व वेळ. या दोन तारखा वेगळ्या असतात, गल्लत करू नका.
- फूल मांडायची बाटली जत्रा देते की आपली न्यायची?
- ‘डिसबडेड’ हा शब्द कुठे आहे?

हा शेवटचा शब्द समजून घ्या. डिसबडेड म्हणजे एका देठावर एकच फूल, बाजूच्या कळ्या लहान असतानाच काढून टाकलेल्या. आदल्या दिवशी खुडल्या तर देठावर ताजी जखम दिसते आणि गुण जातात. कळी मुगाच्या दाण्याएवढी असतानाच बोटाने कडेला ढकलली की अलगद निघते आणि खूण भरून येते.

२. फूल आणि पुष्परचना ही दोन वेगळी दुनिया आहे

पहिल्या प्रकारात तुमची शेती तपासली जाते. त्याला हॉर्टिकल्चर म्हणतात. फूल तुम्ही स्वतः वाढवलेलं असलंच पाहिजे. कुंडीतली झाडं असतील तर ती ठरावीक काळ, बऱ्याच ठिकाणी तीन महिने, तुमच्याकडे असावी लागतात.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डिझाइनमध्ये, तुमची नजर तपासतात. तिथे फुलं बहुधा विकत आणलेली चालतात, पण तेही पुस्तिकेत बघूनच. पहिल्या वर्षी दोन्हीकडे उड्या मारू नका. माझा सल्ला: फुलांचे तीन-चार वर्ग घ्या आणि रचनेचा फार तर एक.

३. काय लावायचं आणि केव्हा

जत्रेच्या तारखेपासून मागे मोजायचं. आमच्याकडे मध्य ऑगस्ट धरून मी असं करते:

झिनिया बी टाकल्यापासून साधारण ८ ते १० आठवड्यांत फुलते. म्हणून मेच्या शेवटी एक पेरणी, मग दहा दिवसांनी दुसरी. एप्रिलअखेर पेरलेली झिनिया ऑगस्टपर्यंत थकलेली असते आणि पानांवर भुरी चढलेली असते. नव्या माणसासाठी याहून सोपं फूल नाही.

ग्लॅडिओलसचे कंद लावल्यापासून ७० ते ९० दिवस धरा. आठवड्याच्या अंतराने तीन हप्त्यांत लावा, एक तरी हप्ता नेमका साधतो.

डेलियाला सर्वांत जास्त धीर लागतो. थंडीची भीती गेल्यावर मेमध्ये कंद, आणि फुलं ९० ते १२० दिवसांनी. रोपाला चार जोड पानं आली की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, त्यातली मधली ठेवायची. आकाराचे गटही वेगळे आहेत: ४ ते ६ इंच, ६ ते ८, ८ ते १०, आणि त्याच्या वरचे राक्षसी. फूटपट्टीने मोजूनच वर्ग ठरवा, अंदाजाने नाही.

झेंडूबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. दसऱ्याच्या तोरणामुळे तो आपल्याला अगदी मराठमोळा वाटतो, पण तो मूळचा मेक्सिकोकडचा. झिनिया आणि डेलियाही तिथल्याच, म्हणजे इथल्या दालनातली निम्मी फुलं आपल्याला आणि अमेरिकनांना सारखीच पाहुणी. झेंडूवर इथे जीव टाकणारी माणसंही होऊन गेली. पेनसिल्व्हेनियातले बियाणेवाले डेव्हिड बर्पी झेंडूला देशाचं राष्ट्रीय फूल करा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले होते. १९८६ मध्ये तो मान अखेर गुलाबाला मिळाला. त्याआधी बर्पींनी १९५४ मध्ये पांढऱ्या झेंडूसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, आणि १९७५ मध्ये ते जिंकलं आयोवातल्या ॲलिस व्हॉन्क या हौशी बागवान बाईंनी. तेव्हा जत्रेत झेंडू नेताना कमीपणा मानू नका. फक्त तोरणासाठी ओवतो तसा बिनदेठाचा नेऊ नका.

गुलाब मात्र मध्य ऑगस्टला आमच्याकडे कठीण. उन्हाने फुलं लहान होतात आणि जपानी भुंगेरे पाकळ्या कुरतडतात. ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ मध्ये न्यू जर्सीत सापडली आणि तेव्हापासून मुक्कामालाच आहे. सकाळी लवकर भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या वाटीत झटकायचे. गुलाब न्यायचाच असेल तर अमेरिकन रोझ सोसायटीची गुणपद्धत बघून ठेवा: आकृतीला २५, रंगाला २०, देठ आणि पानांना २०, पाकळीच्या टवटवीला १५, प्रमाणबद्धतेला १० आणि आकारमानाला १०. देठ-पानांचं वजन रंगाइतकंच आहे, बघा.

हरणांचा त्रास असेल तर जत्रेआधीचे दोन आठवडे वाफ्यावर जाळी टाकाच. एका रात्रीत सगळं खलास होतं.

४. नोंदणी

बहुतेक ठिकाणी आता ऑनलाइन होते. खातं उघडलं की एक्झिबिटर नंबर मिळतो, तो वहीत लिहून ठेवा, दर वर्षी लागतो. मग वर्गांचे नंबर निवडायचे. आठ आठवडे आधी कोणतं फूल साधेल हे कुणालाच कळत नाही, म्हणून जिथे नोंदणीला पैसे नाहीत तिथे चार वर्ग जास्तीचे टाका. न नेल्यास दंड आहे का, ते तेवढं बघा.

मुलं असतील तर त्यांचे वेगळे वर्ग असतात, आणि फोर-एच या मुलांच्या संस्थेचं दालनही. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही विचारा. ज्येष्ठांचा वर्ग काही जत्रांमध्ये असतो, आणि हातात सिकेटर, म्हणजे झाडं छाटायची कात्री, घेऊन पहाटे बागेत जायला त्यांच्याइतकं तयार कुणी नसतं.

५. तोडणी आदल्या संध्याकाळी

भर उन्हात कधीच नाही. आदल्या दिवशी झाडांना भरपूर पाणी द्या, आणि संध्याकाळी ऊन कललं की कोमट पाण्याची बादली घेऊनच वाफ्यात जा. फूल तोडून घरात आणून मग पाण्यात ठेवणं ही आपली सवय मोडायची. देठ तिरका कापायचा आणि त्याच क्षणी पाण्यात.

झिनिया तोडायला तयार आहे का, हे बघायची एक छान खूण आहे. फुलाच्या आठ इंच खाली देठ धरून हलकेच हलवा. मान लटपटली तर अजून कोवळी आहे, घरी नेल्यावर ती माना टाकणार. देठ काडीसारखा ताठ राहिला तर कापा. झिनिया आणि डेलिया तोडल्यावर पुढे फारसे उमलत नाहीत, म्हणून पूर्ण उमललेलेच घ्या. ग्लॅडिओलस मात्र खालची एक तृतीयांश फुलं उमललेली, मधल्यांनी रंग दाखवलेला आणि शेंड्याला कळ्या, असा असताना देखणा दिसतो. तो बादलीत सरळ उभा ठेवा. आडवा किंवा कलता ठेवलात तर शेंडा रात्रीतून वरच्या दिशेला वळतो आणि वाकडाच राहतो.

हव्या त्याच्या दुप्पट फुलं तोडा. रात्रभर तळघरात किंवा एसीच्या अंधाऱ्या खोलीत, देठ खोल पाण्यात. फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर सफरचंद-केळी बाहेर काढा, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुलं लवकर मान टाकतात.

६. सफाई आणि जुळणी

माझ्या मते निळी रिबन, म्हणजे पहिला नंबर, खरी इथे ठरते. लागणारं सामान घरचंच: रंगकामाचा मऊ ब्रश, कापसाची काडी, भुवयांचा चिमटा, ओला मऊ कपडा, फूटपट्टी.

पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. एकेक फूल खिडकीच्या उजेडात फिरवून बघा. मागच्या बाजूची सुकलेली पाकळी चिमट्याने बुडापासून काढा, अर्धी तोडू नका. पाकळ्यांच्या बेचक्यात मावा लपलेला असतो, तो ब्रशने झटका. फुलांबरोबर जिवंत किडा आला की परीक्षकांचं पहिलं लक्ष त्याच्याकडेच जातं. पानांवरचे पाण्याचे पांढरे डाग ओल्या कपड्याने पुसा. तेल, दूध, चमक आणणारे फवारे लावू नका. गुलाबात तर त्यावरून थेट बाद करतात.

आता जुळणी. तीन फुलांच्या वर्गात परीक्षक तिन्हींत भेद शोधत असतात. सगळ्यात मोठं फूल घ्यायचा मोह आवरा. मी बारा झिनिया ओळीत ठेवते, त्यातून एकाच वयाच्या, एकाच रंगछटेच्या, एकाच व्यासाच्या तीन निवडते. वय कळतं ते मध्यावरून: दाट पाकळ्यांच्या झिनियात मध्ये पिवळं कडं दिसू लागलं की ती उतरणीला लागली. ज्या वर्षी मला पहिली निळी रिबन मिळाली, त्या वर्षीची सर्वांत मोठी तीन फुलं घरीच फुलदाणीत राहिली होती. नेली ती मधल्या आकाराची, पण जणू एकाच साच्यातली.

शेवटी देठ एकाच उंचीला कापा आणि बाटलीत पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा. वरची मात्र ठेवा, बोडका देठ वाईट दिसतो.

७. पुष्परचना

रचनेच्या वर्गाला शीर्षक असतं, समजा ‘पहाट’ किंवा ‘न्याहारीचं टेबल’, आणि सोबत मापं. काही वर्ग पाच इंचांच्या आतल्या चिमुकल्या रचनांचे असतात. माप उंची, रुंदी, खोली तिन्हीकडून मोजतात, एखादी काडी जरी बाहेर आली तरी चालत नाही. पुठ्ठ्याचा त्या मापाचा खोका घरी करून रचना त्यात बसवून बघा.

आपला हात हाराचा आणि गजऱ्याचा. दाट, भरगच्च, एक फट दिसता कामा नये, असं आपल्याला आवडतं. इथल्या बऱ्याच वर्गांमध्ये मोकळी जागाही रचनेचाच भाग धरतात. पाच काड्या आणि तीन फुलांची रचना जिंकते आणि आपली फुलांनी ओसंडणारी टोपली मागे राहते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. पुस्तिकेत ‘लाइन’ (मोजक्या रेषांची मोकळी रचना) लिहिलंय की ‘मास’ (दाट, भरगच्च), ते बघा. मास असेल तर आपला हात खुशाल चालू द्या.

उंचीचा जुना ठोकताळा म्हणजे भांड्याच्या उंचीच्या दीडपट. सुरुवातीला तो पाळलेला बरा.

मी एकदा पितळी तांब्यात कर्दळीची दोन पानं आणि केशरी झेंडू मांडले होते. तांब्या घासून असा लखलखीत केला होता, की बघणाऱ्याची नजर फुलांकडे जाण्याआधी भांड्यावरच अडकायची. पुढच्या वर्षी तोच तांब्या न घासता, काळपट झाक आलेला नेला, आणि फुलं उठून दिसली. आपली भांडी जरूर न्या. मात्र कलश म्हणजे मंगल हे परीक्षकांना माहीत असेल असं धरून चालू नका. अर्थ कळो न कळो, रचना तिच्या रंगरेषांवर उभी राहिली पाहिजे.

फुलं धरून ठेवायला खिळ्यांची जपानी बैठक, म्हणजे केंझान, घ्या. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. हिरवा स्पंज वापरणार असाल तर तो पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्या. हाताने दाबलात तर आत हवा कोंडते, त्या जागी खोचलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. आणि स्पंज असो की केंझान, समोरून दिसता कामा नये.

प्लॅस्टिकची फुलं आणि रंग फासलेली ताजी पानं बहुतेक ठिकाणी बाद. रानफुलं उपटून आणू नका, काही संरक्षित असतात.

८. फुलं द्यायच्या दिवशी

सोबत न्यायचं:

- एक्झिबिटर नंबर आणि नोंदणीची छापील प्रत
- घरूनच भरलेली एंट्री कार्डं, त्यावर वर्ग नंबर आणि वाणाचं नाव (बियांची पाकिटं टाकून देऊ नका, नाव त्यावर असतं)
- जत्रेने पाठवला असेल तर प्रवेश आणि पार्किंगचा पास
- जास्तीची फुलं, बादली, सिकेटर, ब्रश, चिमटा
- अरुंद तोंडाच्या बाटल्या, पाण्याचा कॅन
- देठ बाटलीत सरळ राहावा म्हणून खोचायला प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे, चालत असतील तर

गाडीत एसी लावा, पण झोत फुलांवर नको. बाटल्या दुधाच्या क्रेटमध्ये घट्ट बसतात. वेळेच्या तासभर आधी पोचा, शेवटच्या पंधरा मिनिटांत टेबलांशी झुंबड असते आणि घाईत चुकीच्या वर्गात कार्ड लागतं. शंका आली तर तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. ‘पहिल्यांदाच आलेय’ एवढं म्हणा. शेजारच्या टेबलावरचे पांढऱ्या केसांचे डेलियावाले आजोबा मला त्या वाक्यावरच भेटले आणि त्यांनी स्वतःच्या फुलांची सफाई थांबवून माझ्या फुलाचा देठ फिरवून दाखवला: मोठ्या डेलियाचं तोंड देठाशी तिरकं, साधारण ४५ अंशांत असावं, आभाळाकडे नको.

९. निकाल

निळी रिबन पहिली, लाल दुसरी, पांढरी तिसरी. विभागातल्या सर्वोत्तमाला मोठी रोझेट, म्हणजे फुलासारखी चुणीदार रिबन, बहुधा जांभळी. एका वर्गात तीन-चार निळ्या रिबनी दिसल्या तर गोंधळू नका. ती डॅनिश पद्धत. तिथे फुलं एकमेकांशी नाही, ठरलेल्या दर्जाशी ताडतात, आणि त्या दर्जाला पोचणाऱ्या प्रत्येकाला निळी मिळते. बक्षिसाची रक्कम थोडे डॉलर असते.

कार्डाच्या मागचा शेरा जरूर वाचा, त्याचा फोटो घ्या. परीक्षण उघड्यावर होत असेल आणि बसू देत असतील तर मागे शांत बसून ऐका. दोन तासांत जे कळतं ते वर्षभर वाफ्यात खपून कळत नाही.

रिबन आणि भांडी परत घ्यायचा दिवस ठरलेला असतो. कोमेजलेली फुलं ते टाकून देतात, पण केंझान, तांब्या आणि बाटल्या तुमच्या आहेत, त्यांच्या बुडाला नावाची पट्टी आधीच चिकटवा. घरी आलात की वहीत पेरणीची तारीख, तोडणीची वेळ आणि शेरा एकाच पानावर लिहा. आणि डेलियाचे चांगले निघालेले कंद थंडीच्या पहिल्या तडाख्यानंतर काढून, नावाची चिठ्ठी बांधून, लाकडाच्या भुशात ठेवा. मेमध्ये तेच लावायचे आहेत.